रिटायर्ड नॉट आऊट

कामोठे,
रविवार

प्रिय दादूस,

पनवेलच्या पोस्टात काउंटरवर बसून मला इतकी वर्षं झाली, पण स्वतः कुणाला पत्र लिहिल्याचं आठवत नाही. लोक येतात, स्पीडपोस्ट करतात, आधार कार्डाची चौकशी करतात, मी शिक्के मारते. आज मात्र शैलेशला सांगितलं, दुपारचा स्वयंपाक तू बघ, मला माझ्या भावाला पत्र लिहायचंय. तो म्हणाला, "व्हॉट्सॲप बंद पडलं का?" बंद नाही पडलं रे. पण व्हॉट्सॲपवर तू नुसता अंगठा पाठवतोस आणि फोनवर हवामान सांगतोस. मी जरा मुद्द्यावर आले की तुझ्या जहाजाचं नेटवर्क जातं. ते नेमकं तेव्हाच कसं जातं हे तुझ्या बहिणीला कळत नाही असं समजू नकोस. आपल्या आळीतला जगन शुक्रवारी निघतोय, तुझ्याच जहाजावर चढणार आहे. हे पाकीट त्याच्या हातात देते आहे. सोबत सुक्या जवळ्याची चटणी आहे. ती आधी खा, मग वाच, म्हणजे डोकं शांत राहील.

घरी सगळं ठीक आहे. शकू वहिनीचा गुडघा आता बरा आहे, जिना चढते-उतरते. करंजाड्याला तुमच्या बिल्डिंगवरून आता विमानं जातात, पहिले काही दिवस सगळी आळी गच्चीवर जाऊन हात करत होती, आता कुणी मान वर करत नाही. शेजारी लग्न निघालंय, त्यांची हळद म्हणजे तुला माहीतच आहे, साखरपुड्यापासूनच स्पीकर लागलेत. म्हणून तुझी पूर्वी गेला महिना-दीड महिना बऱ्याचदा माझ्याकडेच असते. तू रविवारी फोन केलास की वहिनी सांगते, पूर्वी आंघोळीला गेलीय. एवढी स्वच्छ मुलगी साऱ्या रायगड जिल्ह्यात नसेल, दादूस.

तर ही तुझी लेक एका संध्याकाळी माझ्या घरी आली, चप्पल काढली, पर्स सोफ्यावर टाकली आणि जमिनीवर आडवी झाली. म्हणाली, "आत्या, मला थीमच नाहीये." मला आधी वाटलं मोबाइलचं काहीतरी बिघडलं. मग तिने समजावलं. वर्षाच्या शेवटी त्यांच्या कॉलेजात फॅशन शो असतो. प्रत्येकाने स्वतःची एक थीम, म्हणजे एक विषय घ्यायचा आणि त्यावरून पाच-सहा कपडे करायचे. आशालता मॅडम म्हणून तिच्या मुख्य शिक्षिका आहेत, त्यांची अट एकच: विषय तुमचा स्वतःचा पाहिजे, दुसऱ्या कुणी घेतला तर त्याला शोभता कामा नये. पूर्वीने आधी 'समुद्राचा तळ' नेला. वर्गात अजून तिघींनी समुद्राचा तळच आणला होता. मग फुलपाखरू नेलं. मॅडमनी विचारलं, "फुलपाखराचा आणि तुझा काय संबंध?" हिने उत्तर दिलं, "छान दिसतं, मॅडम." वर्ग हसला.

मी म्हटलं, मी करते मदत. मी आत्या आहे, मला येत नाही असं काही असतं का? पहिल्याच दिवशी मी पोस्टाची तिकिटं सुचवली. किती रंग, किती चित्रं, कडेची ती भोकंभोकं. मला स्वतःलाच इतकं आवडलं की मी ड्रेसचं चित्रही काढून दाखवलं. ती चित्राकडे बघत राहिली आणि म्हणाली, "आत्या, मस्त आहे. पण ही तुझी थीम झाली ना." मग शैलेशने गणपतीचं मखर सुचवलं. मग मी तिला पनवेलच्या बाजारात कापडाच्या दुकानांतून फिरवलं, म्हटलं बघून काही सुचेल. दुकानदाराने तागेच्या तागे उलगडले, आम्ही काहीच घेतलं नाही, आणि भजी खाऊन परत आलो. भजी छान होती एवढंच त्या दिवसाचं फलित.

मग एक दिवस ती घरी आली ती रडतच. मॅडमना कळलं होतं की ही करंजाड्याची, आगरी. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "अगं, मग शोधतेस काय? मिठागरं घे, भातशेती घे, तुमचं नऊवारी लुगडं घे. केवढं मोठं धन आहे तुझ्याकडे!" सगळ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या. खरं सांगू, मलाही ते पटलं. मी लगेच कपाट उघडून आईचं हिरवं लुगडं काढलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. तिने ते हळूच काढून माझ्या हातात दिलं. म्हणाली, "आत्या, हे मी कधी नेसते? कुणाच्या हळदीला, रील काढायला. मिठागर तर मी पाहिलंच नाहीये. जिथे होतं म्हणतात तिथे माझी मैत्रीण सातव्या मजल्यावर राहते. सगळ्यांना मी आगरी दिसायला हवी आहे. मी कोण आहे ते कुणी विचारतच नाही." मी लुगड्याची घडी करत बसले. आपण दोघं मिठागरात अनवाणी धावलोय, ते आपलं. तिचं काय, हा विचार मी कधी केलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मला पोस्टाला सुट्टी होती. सकाळी ती चहाचा कप घेऊन बाल्कनीत उभी होती, केस विस्कटलेले, अंगात ती घरात घालते तो ढगळा केशरी टीशर्ट. तो मी कितीतरी वेळा पाहिला होता, पण त्या सकाळी ती पाठमोरी उभी होती आणि ऊन थेट तिच्या पाठीवर पडलं होतं. कापड धुऊन धुऊन इतकं पातळ झालंय की आरपार दिसावं. मधोमध सात आकडा, अर्धा सोललेला. त्याच्या वर इंग्रजीत तुझं नाव, तेही चुकीचं, 'दिपेस'. मी विचारलं, "हे तुझ्याकडे कुठून आलं?" ती सहज म्हणाली, "हे ना, मी दुसरी-तिसरीत असल्यापासून ह्यातच झोपते. आईने लादी पुसायला काढलं होतं, मी उचललं." मी म्हटलं, "पूर्वी, ही कसली जर्सी आहे तुला माहीत आहे का?" म्हणाली, "बाबांची. ते लहानपणी क्रिकेट खेळायचे ना थोडंफार."

थोडंफार! दादूस, मी चहा तसाच ठेवला. अरे, उरणपासून पनवेलपर्यंत टेनिस बॉलची एकही स्पर्धा अशी नव्हती जिथे 'नवतरुण करंजाडे'चा दीपेश ओपनिंगला आला की लोक गाड्या थांबवून उतरत नव्हते. भात कापून झालं की शेतातच खेळपट्टी व्हायची, मी बांधावर डबा घेऊन बसायचे आणि तू आऊट झालास की सगळ्यांत आधी रडायचे. आणि तुझ्या मुलीला माहीत नाही! तू सांगितलं नाहीस, वहिनी त्या विषयावर बोलत नाही, आणि मी गृहीत धरलं की माहीत असणारच. पूर्वीने हे सगळं ऐकलं आणि तिचा चेहरा असा झाला की जणू मी तिला सांगतेय, तुझे बाबा एकेकाळी उडायचे. मग म्हणाली, "आत्या, अजून आहेत का अशा जर्स्या?"

आम्ही तशाच रिक्षा करून करंजाड्याला गेलो. वहिनी आधी म्हणाली, काही नाही, सगळं टाकलं. मग भाकऱ्या थापून झाल्यावर हात पुसत म्हणाली, "माळ्यावर बघा, पाण्याच्या टाकीमागे." मोठं गाठोडं निघालं, जुन्या चादरीत बांधलेलं. आत डांबरगोळ्या टाकलेल्या, आणि त्या ताज्या होत्या, दादूस. क्रिकेटला शिव्या घालणारी तुझी बायको दर पावसाळ्याआधी त्यात नव्या गोळ्या टाकत आलीय. पूर्वीने तिच्याकडे पाहिलं. वहिनी म्हणाली, "काय बघतेस? झुरळं होतात." आणि आत निघून गेली.

गच्चीवर चादर पसरून पूर्वीने एकेक जर्सी मांडली. पिवळी, पोपटी, जांभळी, एक तर अशी गुलाबी की डोळे मिटावेत. पाठीवर ढाब्याची जाहिरात, वाळू-खडी पुरवणाऱ्याचा नंबर, पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा. ती गुडघ्यावर बसून शिवणी तपासत होती, कुठे गवताचा डाग, कुठे खांद्याला ठिगळ. मी तुमच्या दिनानाथकाकांना फोन लावला. टीमचे मॅनेजर म्हणजे सगळं तेच, पोरं जमवायची, वडापाव आणायचा, अंपायरशी भांडायचं. आता त्यांचं पनवेलला हार्डवेअरचं दुकान आहे. दुकान पोरावर सोडून ते आले, गच्चीच्या दारात उभे राहिले आणि त्या रंगांकडे बघतच राहिले. मग बसले ते ऊन उतरेपर्यंत उठले नाहीत. "यो दे इकडं. यो उरणच्या फायनलचा हाय. तुजा बाप असा सिक्स मारला, बॉल खाडीत. तो बॉल आमाला अजून नाय गावला." "या जांभल्यानं तुमच्या घरात बक्षिसाचा फ्रिज आनला." पूर्वी प्रश्नावर प्रश्न विचारत होती. आणि काका सांगता सांगता उभे राहून तुझी बॅट धरायची ढब करून दाखवत होते, त्या वयात, त्या पोटाला घेऊन. आम्ही हसून हसून लोळलो.

मग गाठोड्याच्या तळाशी ती पांढरी-हिरवी निघाली. सगळ्यांत कुरूप. पाठीवर ठळक अक्षरांत, 'ढेकूण, झुरळ, वाळवी यांचा कायमचा बंदोबस्त'. पूर्वी हसायला लागली, पण काका हसले नाहीत. जर्सी मांडीवर घेऊन म्हणाले, "या दिवशी तू झालीस." आणि त्यांनी तिला सांगितलं, जे मला आणि तुला सोडून फार कुणाला आठवत नसेल. उलव्याची फायनल. तू पन्नास रन ओलांडून खेळत होतास, सामना आपल्याच खिशात. मी बांधावरून ओरडत मैदानात आले, वहिनीला दवाखान्यात नेलंय. तू बॅट समोरच्याच्या हातात दिलीस आणि धावत सुटलास. "आमी हरलो," काका म्हणाले. "पन तुज्या बापाला आमी औट नाय दिला. माइकवर सांगितला, रिटायर्ड नॉट आऊट. लोकांनी टाल्या मारल्या." पुढचं मी सांगितलं. नर्स तुला आत सोडेना, सगळा मातीने माखलेला. तू तिथेच व्हरांड्यात जर्सी काढलीस, उलटी करून घातलीस, आणि मग तिने बाळ तुझ्या हातात दिलं. म्हणजे ढेकूण, झुरळ, वाळवी आतल्या बाजूला, तुझ्या पाठीला, आणि पूर्वी बाहेरच्या बाजूला, तुझ्या छातीशी. त्यानंतर तू पुन्हा खेळला नाहीस. दोनेक महिन्यांत जहाजावरची नोकरी लागली आणि तू गेलास.

पूर्वी हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकदम. मग जर्सीची घडी करत म्हणाली, "मला थीम मिळाली."

मॅडमसमोर काय झालं ते तिने मला कॉलेजच्या गेटवरूनच फोन करून सांगितलं, रिक्षांच्या आवाजात, ओरडून. मॅडमनी आधी नाक मुरडलं. "जर्सी? पॉलिस्टर? ह्याला काय पोत आहे?" पूर्वी म्हणाली, "मॅडम, आमच्या गावात नऊवारी वर्षातून दोनदा दिसते. जर्सी रोज दिसते. दूध आणायला जर्सी, लग्नाचे मंडप बांधायला जर्सी, देवीच्या पालखीला जर्सी. हेच आमचं कापड आहे. आणि माझ्या बाबांना मी कधी खेळताना पाहिलं नाही. मी आले आणि त्यांनी खेळणं सोडलं. मला त्यांना खेळताना उभं करायचंय." मॅडमनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "हे कापड मशीनवर ताणलं जातं, टाके सुटतात. सुई बदलावी लागेल. शनिवारी लवकर ये, दाखवते." पूर्वी फोनवर किंचाळली, "आत्या, त्यांनी सुईचं सांगितलं! म्हणजे हो!"

तेव्हापासून माझ्या हॉलची काय दशा झालीय ती विचारू नकोस. काकांनी तुमच्या जुन्या टीमला निरोप धाडला आणि घराघरांतून पिशव्या यायला लागल्या. मी पोस्टात बसलेली असते, खिडकीत टक्कल पडलेला कुणीतरी येतो, वाटतं मनीऑर्डर असेल, तो पिशवी पुढे करतो, "दीपेशच्या पोरीसाठी. धुतलीय." तिने घेरदार स्कर्ट केलाय, सगळ्यांच्या पाठीवरचे आकडे एकाखाली एक उतरत येतात. एक लांब कोट आहे, त्याच्या कडेला सगळ्यांची चुकीच्या स्पेलिंगची नावं. एका नव्या जर्सीवर पुढाऱ्याचा हसरा फोटो आहे, तो कापताना बरोबर बसायच्या जागी आला. त्यावर आमची सभा झाली. शैलेश म्हणाला, बसू दे, शोभतंय. शेवटी पूर्वीने त्याला खिशावर हलवलं, म्हणजे निदान पैसे सांभाळेल. ती शिवताना गुणगुणते. मी तिला अशी आनंदी गेल्या जूनपासून पाहिलं नव्हतं, आणि जून का म्हणते ते तुला माहीत आहे.

तू तेव्हा फोनवर म्हणालास, शिवणकाम शिकायला फी भरायची का, नर्सिंगला जा. तुझी काळजी मला कळते. समुद्रावर इतकी वर्षं काढलेल्या माणसाला मुलीला खात्रीची नोकरी असावी असं वाटणारच. तिने फोन आईच्या हातात दिला आणि तेव्हापासून तिच्या रविवारच्या आंघोळी सुरू झाल्या. त्यानंतर तूही तिला फोन द्यायला सांगितलं नाहीस. दोघं सारखेच आहात, एकाने माघार घेतली तर दुसरा लगेच धावत येईल, पण पहिला कोण? आणि आता जगनची बायको सांगते, की तुझा करार मार्चअखेर संपतोय आणि तू तो वाढवून घेणार आहेस. वहिनीला तू अजून बोलला नाहीस. मीही बोलले नाही.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. एप्रिलच्या दुसऱ्या शनिवारी पूर्वीचा शो आहे. पाच कपडे झालेत, सगळे तुझ्या मित्रांच्या जर्स्यांचे. तुझ्या एकाही जर्सीला तिने कात्री लावलेली नाही. सहावा कपडा राहिलाय, पुरुषाचं जॅकेट. ते तुझ्या जर्स्यांचं होणार आणि आतलं अस्तर पांढऱ्या-हिरव्या जर्सीचं. मॅडमनी विचारलं, हे कोणत्या मॉडेलला घालायचं? तिने सांगितलं, मॉडेल ठरलाय. मी तिला म्हटलं, जुन्या जर्सीवरून माप घे. ती म्हणाली, "ते तेव्हाचं माप झालं. मला आत्ताचे बाबा हवेत." काल ती माझ्यामागे स्वयंपाकघरात आली, कोथिंबीर निवडायला बसली आणि खाली बघूनच म्हणाली, "जगनकाका जातायत ना. बाबांना तेवढं माप विचार आणि जर्स्या कापू का ते विचार. दोनच ओळी लिही, बाकी काही लिहू नकोस." म्हणून ह्या दोन ओळी. पाकिटात टेप ठेवलीय. छाती, पोट, खांदा, बाही आणि पाठीची उंची, जगनकडून नीट घेऊन घे, आणि पोट आत ओढून उभा राहू नकोस, जॅकेट तुला सगळ्या गावासमोर घालून चालायचंय. मापं मला पाठवू नकोस. तिच्या नंबरवर पाठव.

तुझीच,
निशा